बागेतल्या गाण्याला तिकीट नाही

ता. ३ जून

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं बरी आहोत. तू आणि तुझ्या दवाखान्यातली गुरंढोरं खुशाल असा.

परवा फोनवर तू रडलीस, म्हणून हे पत्र. यापुढे फोन नकोच करत जाऊ. तू पलीकडून एकटीच बोलत राहतेस, तुझे दादा रिसीव्हर कानाशी धरून नुसते श्वास घेतात, आणि मग दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसतात. पत्र मी वाचून दाखवते तेव्हा त्यांना उत्तर द्यावं लागत नाही. म्हणून तू लिही, भरपूर लिही. तुला चिमणी उगाच नाही म्हणत आम्ही. तुझी चिवचिव कागदावरही ऐकू येते.

यांच्या तब्येतीचं म्हणशील तर उजवा पाय चालण्यापुरता सुधारलाय. हात अजून लोंबतो, म्हणून त्यांच्या सगळ्या शर्टांची काजं शिवून टाकली आणि टिचबटणं लावली, म्हणजे डाव्या हाताने लावता येतात. आयुष्यभर लोकांचे कपडे उसवून शिवले, त्याचा घरात एवढा तरी उपयोग झाला. डोकं अगदी लख्ख आहे. मी हिशेबात चुकले की अजूनही भुवई वर जाते. पण वाचा नाही. एकच शब्द उरलाय, ‘हेच’. मीठ हवं असलं तरी हेच, खिडकी लाव म्हणायचं असलं तरी हेच. आख्ख्या स्टेशनाने ज्यांच्या आवाजावर विसंबून गाड्या पकडल्या त्या माणसाच्या तोंडी आता एवढाच शब्द. खालचा दुकानदार चांगल्या मनाने म्हणाला की साहेब, एकदा ती आपली फलाटाची घोषणा करून दाखवा, म्हणजे जीभ सुटेल. त्या दिवसापासून यांनी उंबरा ओलांडला नव्हता.

नव्हता, असं लिहितेय ते मुद्दाम. शनिवारी संध्याकाळी मी खिडकी उघडली तर दोन गल्ल्या पलीकडच्या मोठ्या बागेतून वाद्यं जुळवल्याचा आवाज येत होता. उन्हाळाभर, म्हणजे इकडे जून ते सप्टेंबर, दर शनिवारी तिथे फुकट मैफल असते. यांनी मान वर केली, उठले आणि बूट आणून माझ्यापुढे ठेवले. मी काही विचारलं नाही. पाव, उकडलेली अंडी, काकडी डब्यात टाकली, चहाचा थर्मास घेतला, बगलेत सतरंजी मारली आणि निघालो.

चिमणे, काय सांगू! हिरवळीचा एवढा मोठा उतार, खाली शिंपल्यासारखा रंगमंच, आणि उतारभर माणसंच माणसं. चादरी, डबे, कलिंगडाच्या फोडी, रांगणारी पोरं, कुत्री. एवढा कलकलाट की मी घाबरले. कुणी यांना काही विचारलं तर? तेवढ्यात काळ्या कोटातल्या कंडक्टरने हातातली काडी वर उचलली आणि सगळी बाग गप्प झाली. हजारो माणसं एकदम. झाडाचं पान वाजलेलं ऐकू आलं. तुझ्या दादांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. तिथे त्या घटकेला कुणीच बोलत नव्हतं आणि कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं. त्यांचे खांदे खाली आले. अर्धांगाचा झटका आल्यापासून मी ते खांदे खाली आलेले पाहिले नव्हते.

उरलेलं पुढच्या पत्री. माया आहे तशी राहू दे.
तुझी वहिनी


ता. ११ जून

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. दवाखान्यात एका वासराला औषध पाजता पाजता वाचलं, त्यामुळे अर्धं औषध माझ्या अंगावर आणि पत्राचा दुसरा कागद त्याच्या पोटात जाता जाता वाचला.

आता रागावते, ऐकून घे. वहिनी, तुला झालंय काय? सहा महिन्यांपूर्वी ज्या माणसाला स्ट्रेचरवरून नेलं त्याला तू उन्हातान्हात हजारोंच्या गर्दीत नेऊन बसवतेस? ढोल वाजले आणि रक्तदाब वाढला तर? ढकलाढकलीत पडला तर? आमच्याकडे आजारी जनावराला कळपातून वेगळं बांधतात, आणि तू आजारी माणसाला उचलून कळपात नेतेस.

आणि तो कंडक्टर काळा कोट घालून काडी हलवतो म्हणतेस. आमच्याकडचा कंडक्टर तिकिटं फाडतो आणि सुटे पैसे देत नाही.

खरं सांगू का, मला त्याचे खांदे वाचून बरं वाटलं आणि लगेच भीती वाटली. चार दिवस बरे गेले की मला नेहमी वाटतं, आता काहीतरी होणार. दादा म्हणजे माझ्यासाठी आवाजच गं. आई गेली त्या रात्री त्याने मला फोनवर सांगितलं होतं ते त्याच घोषणेच्या आवाजात, एकेक शब्द सावकाश, म्हणजे मला दोनदा विचारावं लागू नये. तो आवाज नसलेल्या दादासमोर येऊन कशी उभी राहू तेच मला कळत नाही. रजा मिळत नाही असं मी सगळ्यांना सांगते. मिळते.

डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुन्हा नेऊ नकोस. माझी शपथ घालत नाही, कारण तू ती मोडशील.

कृपा असावी, आणि थोडं ऐकतही जावं.
तुझी चिमणी


ता. २४ जून

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी यांना सगळं वाचून दाखवलं. फक्त शेवटाकडचं दोन ओळींचं गाळलं. कळपाचं वाक्य ऐकून हे इतके हसले की ठसका लागला. डॉक्टरांनाही विचारलं. त्यांनी आधी यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाले की बाईसाहेब, मी औषधांच्या चिठ्ठीवर लिहून देऊ का, दर शनिवारी बाग? तेव्हा आता तुझ्या जनावरांचं शास्त्र आमच्यावर चालवू नकोस. कंडक्टरचं म्हणशील तर आमच्या कंडक्टरकडे फाडायला तिकिटंच नाहीत. इथल्या गाण्याला तिकीट नाही. येईल त्याने बसावं, जाईल त्याने डबा उचलून जावं.

आमची जागा आता ठरून गेली आहे, उताराच्या वरच्या अंगाला जुन्या झाडाखाली. शेजारच्या चादरीवर बेकरीवाला आणि त्याची म्हातारी आई असतात. बेकरीवाला पहाटे उठणारा माणूस, तो पहिल्याच तुकड्याला झोपतो आणि घोरायला लागला की आई त्याच्या कानात गवताची काडी घालते. ती यांना एकदाही काही विचारत नाही. पहिल्या दिवशीच तिने यांच्याकडे नीट पाहिलं आणि बनपावाचा डबा पुढे केला. यांनी एक उचलला. ओळख झाली.

पण तुला गेल्या शनिवारचं सांगायचंय. मोठा वाद्यवृंद थांबला आणि एकटी एक बाई चेलो घेऊन पुढे बसली. म्हणजे व्हायोलिनच्या मोठ्या भावासारखं वाद्य असतं ते, गुडघ्यांत धरून वाजवतात. सूर्य खाली आलेला, उजेड गवताच्या टोकांवरून आडवा चाललेला. तिने एकच सूर लावला आणि तो इतका लांबवला की मला वाटलं तिचा श्वास कोंडेल, मग लक्षात आलं की श्वास माझाच कोंडलाय. पाखरंसुद्धा परतताना झाडांवर उतरली ती न किलबिलता. पुढच्या चादरीवरची दोन पोरं काकडीसाठी भांडत होती. ती काकडी हातात धरून तशीच थांबली. चिमणे, आपण देवळात जातो, हात जोडतो, पण असं कधी होत नाही गं. एवढी माणसं आणि सगळ्यांच्या पोटात एकाच वेळी तोच एक सूर.

मी यांच्याकडे पाहिलं. डावा हात मांडीवर हळूहळू उठत होता, पडत होता. सुराबरोबर. माझ्याकडे वळून म्हणाले, हेच. या खेपेला त्यांना काय हवंय ते मी शोधत बसले नाही. त्यांना काही नकोच होतं.

लोभ कमी होऊ देऊ नकोस, कितीही रागावलीस तरी.
तुझी वहिनी


ता. २ जुलै

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

हरले. जा बागेत. तुझं ते चेलोचं मी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना वाचून दाखवलं; त्या हातातलं इंजेक्शन तसंच धरून ऐकत राहिल्या आणि ज्या बोकडासाठी ते भरलं होतं तो पळून गेला. तुझ्या पत्रांमुळे आमच्याकडचे रोगी बरे व्हायचे राहतात.

एकच ऐक. त्याच्या खिशात नाव-पत्त्याची चिठ्ठी ठेव. गर्दी आहे, तू डबा धुवायला जाशील, पाणी भरायला जाशील. हरवलं तर मूलसुद्धा रडून आईचं नाव सांगतं. हा काय सांगणार? हेच?

लिहिताना माझंच काळीज हललं. रागावू नकोस. माझा नमस्कार त्याला वाचून दाखव, आणि गाळलंस ते दोन ओळींचंही वाचून दाखवलंस तरी चालेल.

तुझी, आशीर्वादाची वाट बघणारी
चिमणी


ता. १६ जुलै

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

आधी एक वाक्य वाच आणि मग पाणी पी: तुझे दादा घरी आहेत, सुखरूप आहेत, आत्ता माझ्यासमोर बसून द्राक्षं खाताहेत. आता सांगते.

शनिवारी ते हरवले.

चिठ्ठी लिहिली होती गं. पण निघताना यांनी शर्ट बदलला आणि ती पहिल्या शर्टात राहिली. गर्दी कधी नव्हे एवढी. मध्यंतरात मी थर्मास विसळायला नळावर गेले. रांग लांबलचक. इकडे आमच्या झाडाची एक मोठी वाळकी फांदी लोंबकळताना कुणाला तरी दिसली, आणि स्वयंसेवकांनी तो सगळा कोपरा उठवून दोर बांधले. मी परत आले तर झाडाखाली दोर, दोराच्या आत मोकळं गवत आणि त्यावर आमच्या डब्याचं झाकण. बेकरीवाला नेमका त्या दिवशी आलेला नव्हता. नाव घेऊन हाक मारू तरी कशी? त्यांनी ऐकली तरी ओ कुठून देणार?

स्वयंसेवकांच्या तंबूत गेले. तिथली मुलगी भली होती. तिने विचारलं की आजोबांनी अंगात काय घातलंय, तर मला आठवेना. रोज मी कपडे शिवते, चिमणे, आणि माझ्या नवऱ्याच्या शर्टाचा रंग मला आठवेना. ती म्हणाली की हा तुकडा संपला की लाउडस्पीकरवरून पुकारू. मला तेवढं थांबवेना. चादरींमधून वाट काढत मी निघाले, एकेक तोंड बघत. लोक पाय आवरून वाट देत होते. सगळी तोंडं रंगमंचाकडे, सगळ्या पाठी माझ्याकडे, आणि पाठीवरून माणूस ओळखायला गेलं की सगळेच म्हातारे सारखे.

तेवढ्यात वाद्यं थांबली आणि कंडक्टर लोकांकडे वळला. म्हणाला की आता वाजणार आहे ते पाळण्याचं जुनं गाणं तुमच्या सगळ्यांच्या आयांनी म्हटलेलं आहे, तेव्हा आज वाद्यं अगदी हळू राहतील आणि तुम्ही म्हणा. कुणी हसलं, कुणी घसा खाकरला. मग व्हायोलिनांनी सूर दिला आणि उतारावरून गाणं उठलं. जोरात नाही. ज्याने त्याने आपल्या मांडीवरच्या पोरापुरतं म्हणावं तसं, पण हजारोंनी. जमीनच गुणगुणतेय असं वाटलं मला. दुसरा कुठला दिवस असता तर मी तिथेच बसले असते. पण मी चालत होते आणि रडत होते, आणि लोकांना वाटत होतं, गाण्यानेच रडतेय.

तळ्याच्या बाजूला आले आणि मला तो आवाज ऐकू आला.

किती नीट सांगू तुला? खालच्या पट्टीतला, भरलेला. प्रत्येक अक्षर सुटं, स्वच्छ, वाक्याचा शेवटचा शब्द खाली न पाडलेला. तसं फक्त तुझे दादा बोलायचे. लग्नाआधी मी स्टेशनवर उभी राहून नुसता तो आवाज ऐकला होता, माणूस नंतर पाहिला. मला वाटलं, मला भास व्हायला लागलेत. मी उभी राहिले. आवाज चालूच. गाण्याचे शब्द. पाळण्याचे, दोरीचे, चांदण्याचे, सगळे शब्द, एकामागून एक, कुठेही न अडखळता.

एका बाईच्या चादरीच्या कडेला ते बसले होते. तिची दोन जुळी त्यांच्या पायांवर रेलून पेंगलेली. तिने यांना उभं, भांबावलेलं बघितलं आणि काही न विचारता बसवून घेतलं होतं. यांचे डोळे मिटलेले होते. आपल्या तोंडून शब्द येताहेत हे त्यांना कळत होतं की नाही, देव जाणे. मी त्यांच्यापुढे गवतात बसले आणि गाणं संपेपर्यंत त्यांच्या ओठांकडे बघत राहिले. सहा महिने त्या ओठांना मी चमच्याने भरवलं, पुसलं. पण त्या घटकेला ते मी जन्मात प्रथम बघत होते.

गाणं संपलं. यांनी डोळे उघडले. मी दिसले. तोंड उघडलं, खूप काही सांगायचं होतं त्यांना, मला दिसत होतं. आणि आलं ते एवढंच, हेच. दोन्ही डोळ्यांतून पाणी, आणि पुन्हा, हेच, हेच. आधी मला वाटलं, गेलं, पुन्हा गेलं. मग म्हटलं, यापेक्षा बरोबर शब्द माझ्याकडे तरी कुठे आहे?

आज इथेच थांबते. जीव लावतेस तसाच लाव.
तुझी वहिनी


ता. २० जुलै

ती. वहिनीस, आणि ती. दादास,
सा. न. वि. वि.

तीन वेळा वाचलं. पहिल्यांदा उभ्याने, दुसऱ्यांदा चाऱ्याच्या खोलीचं दार लावून आत. तिथे आधीच बांधून ठेवलेली एक शेळी होती, तिच्या गळ्यात पडून रडले. तिने माझा पदर चघळला. तिसऱ्यांदा नवऱ्याला वाचून दाखवलं, तर एरवी वर्तमानपत्रातून तोंड वर न काढणारा माणूस उठून अंगणात जाऊन उभा राहिला.

वहिनी, हे कसं होतं? एक शब्द बोलता न येणारा माणूस आख्खं गाणं म्हणतो? आणि दादा! जो शाळेत गाण्याच्या तासाला बाकाखाली लपायचा! मी घरात गाणं म्हणायला लागले की गाडी रद्द झाल्याची घोषणा करायचा! तुला खात्री आहे ना, तूच त्याच्या आवाजासाठी आसुसलीस म्हणून कुण्या दुसऱ्याचा आवाज नाही ना ऐकलास? रागावू नकोस. मला विश्वास ठेवायची इतकी घाई झालीय की मी मुद्दाम पाय मागे ओढतेय.

त्याला पुन्हा म्हणायला लाव. लगेच. आणि लगेच कळव.

चिमणी
(नमस्कार, आशीर्वाद, लोभ सगळं आहेच, लिहायला धीर नाही.)


ता. ९ ऑगस्ट

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

तुला तिष्ठत ठेवलं, पण आधी मला समजून घ्यायचं होतं. इस्पितळात वाचा शिकवणारी जी चष्मेवाली मुलगी आहे तिच्याकडे यांना घेऊन गेले. माझं बोलणं पुरं व्हायच्या आत तिने टेबलावर ठेका धरला आणि ते गाणं गुणगुणायला लागली, आणि हे तिच्याबरोबर म्हणायला लागले. शब्दांसकट. मला भास झाला नव्हता, चिमणे. ती म्हणाली की बोलण्याचे शब्द डोक्यात एका बाजूने येतात आणि गाण्यातले बरेचसे दुसऱ्या बाजूने. यांचा एक रस्ता खचलाय, दुसरा शाबूत आहे. अशी माणसं तिने आधीही पाहिलीत. पण तिने मला बजावूनही ठेवलं की पाठ असलेली गाणी येतील, मनातलं बोलणं त्या वाटेने आपोआप येणार नाही. थोडंसं शिकवता येईल. थोडंसंच.

तर आमच्या घराचं आता संगीत नाटक झालंय. डाव्या हाताने मांडीवर ठेका धरायचा, दोन सुरांत म्हणायचं, ‘चहा दे’. तेवढं बसलं. मग ‘पाणी दे’. मग ‘खिडकी लाव’. आंघोळीला उशीर झाला की मीही न्हाणीघराच्या दाराशी सुरातच ओरडते. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी काळजीने विचारलं, तुम्ही दोघं बरी आहात ना.

सगळे दिवस असे नसतात. एका दुपारी त्यांना काहीतरी सांगायचं होतं. ठेका धरला, सूर धरला, आणि सुरात आलं ते हेच. पुन्हा धरला, पुन्हा हेच. हातातली पेन्सिल त्यांनी भिंतीवर फेकली. मला वाटतं, तुझ्याबद्दल काहीतरी होतं, कारण तुझा फोटो घेऊन बसले होते. ते काय होतं ते अजून आम्हाला कळलेलं नाही. कधी कळणारही नाही कदाचित. तेव्हा तू आशा धर, पण फार उंच नेऊ नकोस.

आता मोठी बातमी. सप्टेंबरात उन्हाळ्याच्या शेवटच्या मैफलीला बागेत लोकांचं समूहगान असतं. कुणीही यावं, बेकरीवाला, टपालवाला, शाळेतल्या बाया, सगळे. तालीम वाचनालयाच्या वरच्या सभागृहात. यांनी बागेतल्या फलकावर ती जाहिरात पाहिली आणि मला हाताला धरून तालमीला नेऊन उभं केलं. तिथल्या गाणं बसवणाऱ्या बाईंनी प्रत्येकाला एक ओळ म्हणायला लावली. यांनी म्हटली. बाईंनी मान वर केली, यांच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि खालच्या पट्टीवाल्यांत, शेवटच्या रांगेत उभं केलं. एक नवीन गाणं आहे, ते यांना पाठ होत नाही. त्यात हे नुसता आकार लावतात. बाकीची दोन जुनी आहेत. तोल सांभाळायला शेजारी कुणीतरी हवं म्हणून मलाही उभं केलंय, आणि मला ओठ हलवण्याची परवानगी आहे.

म्हणजे आमची सतरंजी त्या दिवशी रिकामी. तू ये, चिमणे. रजा मिळत असेल तर. यांच्यासमोर कशी उभी राहू, अशी तुला भीती होती ना? उभं राहायचं नाही. गवतावर बसायचं आणि ऐकायचं.

वाट बघते. येशील तेव्हाच लोभ खरा मानीन.
तुझी वहिनी


ता. १४ सप्टेंबर

ती. वहिनीस आणि ती. दादास,
सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. दवाखान्यात सगळ्यांनी मला विचारलं, कसं होतं? आणि मी, चिमणी, नुसती उभी राहिले. म्हणून आज लिहितेय. तुम्ही दोघं रंगमंचावर होतात, तुम्हाला तिथून काय दिसलं ते तुम्ही मला घरी येऊन सांगितलंत. दादाने हातवारे करून आणि तू सगळं उलटसुलट करून. पण इकडून काय दिसलं ते मी तेव्हा सांगू शकले नाही.

तुम्ही मला सतरंजीवर बसवून गेलात तेव्हा मला आधी एकटं वाटलं. मग बेकरीवाल्याच्या आईने बनपावाचा डबा पुढे केला. मी बडबडायला लागले, की माझा भाऊ रंगमंचावर आहे, शेवटच्या रांगेत, निळा शर्ट. तिने नुसती मान हलवली. तिला माहीत होतं. आजूबाजूच्या पाच-सहा चादरींना माहीत होतं, वहिनी. तुम्ही दोघं रांगेत चढत होतात आणि दादाचा पाय पायरीवर अडला, तेव्हा आमच्या बाजूची सगळी माणसं श्वास धरून बसली होती. पाय वर गेला आणि सगळ्यांनी श्वास सोडला. ओळखपाळख नसलेली माणसं.

नवीन गाणं झालं. त्यात दादाचं तोंड फक्त आ होतं ते मला दिसलं. मग पाळण्याचं सुरू झालं. सूर्य इमारतींच्या मागे गेलेला, पण वरचं आकाश अजून उजळ होतं आणि तुमची सगळ्यांची तोंडं त्या उजेडात सारखीच दिसत होती, तरुण-म्हातारी ओळखू येत नव्हती. शेवटच्या कडव्याला कंडक्टरने वाद्यांना थांबवलं. एकही वाद्य नाही. नुसती माणसं. आणि कुणी न सांगता उतारावरचे लोक उठायला लागले. पुढचे उठले, मग मधले, मग आम्ही. बेकरीवाल्याने आईला उचलूनच उभं केलं. कुणी गायलं नाही. आम्ही फक्त उभे राहिलो, तुमच्याकडे तोंड करून, जसं कुणीतरी मोठं दारातून आत आल्यावर आपण उभे राहतो.

मी कान लावले. आता दादाचा आवाज ऐकायचा, मी त्यासाठीच एवढ्या लांबून आले होते. तू तो हजारोंतून ओळखलास, मी तर त्याची सख्खी बहीण. मी डोळे मिटले, खालच्या पट्टीत शोधला, शेवटच्या शब्दांवर शोधला. नाही सापडला. कितीही शोधला तरी नाही. सगळ्यांचा मिळून एकच आवाज येत होता, आणि तो इतका मोठा, इतका मऊ होता की त्यात कुठला धागा कुणाचा ते सांगताच येईना. आपला दादा जन्मभर एकटा काचेच्या खोलीत बसून सगळ्यांच्या डोक्यावरून बोलला. सगळे त्याला ऐकत होते, पण त्याच्याबरोबर कुणी नव्हतं. आणि आता तो तीनशे माणसांच्या आत होता, खांद्याला खांदा लावून, आणि त्याला वेगळा काढणं कुणाच्याही हातात नव्हतं, माझ्याही.

गाणं संपलं तेव्हा टाळ्या आल्या नाहीत. किती वेळ ते मला माहीत नाही. नुसती शांतता. ती तुम्हाला तिकडे ऐकू आली का? मला वाटलं, एवढी माणसं आणि कुणालाच ती पहिल्यांदा मोडायची नाही. मग कुठेतरी एक तान्हं बाळ मोठ्याने हसलं आणि सगळी बाग फुटली.

त्या टाळ्यांत मी दादाकडे बघत होते. तो लोकांकडे बघतच नव्हता. तो शेजारच्या जाड्या टपालवाल्याकडे बघत होता आणि टपालवाला त्याच्याकडे, आणि दोघं हसत होते.

आणखी काय लिहू? माझी आठवण ठेवा. पुढच्या उन्हाळ्यात सतरंजीवर मला जागा ठेवू नका. मीही खालच्या पट्टीत उभी राहीन म्हणते, बाईंनी घेतलं तर.

तुमची, आज एवढंच बोलू शकणारी
चिमणी